मिठागरातला जमाखर्च : अणू, रेणू, आयन आणि विद्युतभार

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून समुद्राकडे निघाले, की मुर्धा, राई, मोरवा अशी गावे ओलांडून रस्ता उत्तन आणि पालीला पोहोचतो. पाली हे अरबी समुद्राच्या काठचे मच्छीमारांचे गाव. येथील माणसांचा खाऱ्या पाण्याशी रोजचाच संबंध. कुणी त्यात जाळे टाकतो, कुणी त्याच समुद्रातून आलेले बोंबील उन्हात वाळत घालतो. भाईंदरचा परिसर तर बराच काळ मिठागरांसाठीच ओळखला जात असे. भरतीचे पाणी बांध घातलेल्या जमिनीत घ्यावयाचे, उन्हात आटवावयाचे आणि मीठ काढावयाचे, हा येथला जुना उद्योग. मिठाचे आगर पिकविणारे ते आगरी, अशी या समाजाच्या नावाची व्युत्पत्तीही सांगितली जाते.

आता पुस्तक काय सांगते ते आठवा. मिठाच्या पाण्यात सोडियमचे धनभारित आयन आणि क्लोरीनचे ऋणभारित आयन सुटे फिरत असतात. म्हणजे समुद्राचे पाणी विद्युतभारित कणांनी गच्च भरलेले आहे! एका घोटात असे कण किती, याची गणती अब्जांतही मावत नाही. मग पालीचा मच्छीमार समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, तेव्हा त्याला विजेचा झटका का बसत नाही? मिठाची चिमूट जिभेवर ठेवली, तर ठिणगी का उडत नाही?

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे नीट उत्तर देता आले, तर रसायनशास्त्रातील सूत्रे, संयुजा, आयन, ध्रुवीय रेणू या साऱ्या गोष्टी पाठ करण्याची गरज राहत नाही. त्या आपोआप सुचतात. त्यासाठी एकच सवय लावून घ्यावी लागते, ती म्हणजे वाण्यासारखा जमाखर्च मांडण्याची.

भार म्हणजे मोजणी

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात, प्रत्येकावर +१ भार. केंद्रकाबाहेर इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येकावर −१ भार. न्यूट्रॉनवर भार नाही, म्हणून या हिशेबात त्याला जागा नाही. हे '१' म्हणजे किती? १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरील भार मोजून १९०९ नंतरच्या काही वर्षांत ही राशी निश्चित केली. महत्त्वाची गोष्ट अशी की सुट्या अणू-रेणूंवरील भार नेहमी या राशीच्या पूर्ण पटीतच आढळतो. अर्धा इलेक्ट्रॉन कुणी देत नाही, पाव इलेक्ट्रॉन कुणी घेत नाही.

तेव्हा कोणत्याही कणाचा भार काढावयाचा नियम एका ओळीचा आहे :

एकूण भार = सर्व प्रोटॉनांची संख्या − सर्व इलेक्ट्रॉनांची संख्या

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. शिल्लक शून्य. त्यातील एक इलेक्ट्रॉन गेला, म्हणजे प्रोटॉन ११, इलेक्ट्रॉन १०. शिल्लक +१. क्लोरीनच्या अणूत १७ आणि १७. एक इलेक्ट्रॉन आला, की प्रोटॉन १७, इलेक्ट्रॉन १८. शिल्लक −१.

येथे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. 'सोडियमने काहीतरी गमावले, मग त्याच्या डोक्यावर अधिक चिन्ह कसे?' याचे उत्तर व्यवहारातच आहे. ज्याच्या अंगावर कर्ज आहे, त्याचे कर्ज फिटले तर त्याची शिल्लक वाढते की घटते? इलेक्ट्रॉन ही ऋण रक्कम आहे. ती गेली की शिल्लक वाढणारच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या व्यवहारात प्रोटॉन कधीही हात बदलत नाही. सोडियमने इलेक्ट्रॉन दिला म्हणून त्याचे निऑन होत नाही. ११ प्रोटॉन आहेत तोवर तो सोडियमच.

हाच नियम अणूंच्या समूहालाही लागू पडतो. सल्फेट मूलक घ्या. गंधकाचे १६ प्रोटॉन आणि चार ऑक्सिजनांचे ३२, मिळून ४८. मूलकाचा भार −२, म्हणून इलेक्ट्रॉन ५०. हे जास्तीचे दोन इलेक्ट्रॉन 'कोणत्या ऑक्सिजनवर बसले आहेत' असे विचारण्यात अर्थ नाही. ते सबंध समूहाचे आहेत, जसे घरावरील कर्ज सगळ्या कुटुंबाचे असते.

पुढील कोष्टक पाहा. यातील प्रत्येक कणात इलेक्ट्रॉन बरोबर दहाच आहेत. फरक आहे तो फक्त प्रोटॉनांचा.

| कण | प्रोटॉन | इलेक्ट्रॉन | भार |
|---|---|---|---|
| मिथेनचा रेणू | ६ + ४ = १० | १० | ० |
| अमोनियाचा रेणू | ७ + ३ = १० | १० | ० |
| पाण्याचा रेणू | ८ + २ = १० | १० | ० |
| हायड्रॉक्साइड आयन | ८ + १ = ९ | १० | −१ |
| फ्लुओराइड आयन | ९ | १० | −१ |
| अमोनियम आयन | ७ + ४ = ११ | १० | +१ |
| सोडियम आयन | ११ | १० | +१ |
| मॅग्नेशियम आयन | १२ | १० | +२ |

आयन आणि रेणू यांतील भेद यावरून स्पष्ट होतो. आयन एका अणूचा असो वा अनेक अणूंच्या समूहाचा, त्याची शिल्लक शून्य नसते. भाररहित रेणूची शिल्लक शून्य असते. अमोनियम आणि सोडियम यांचे गुणधर्म कितीतरी वेगळे, पण हिशेबाच्या वहीत दोघांची नोंद एकच : ११ जमा, १० खर्च.

सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो?

'सोडियमला आठ इलेक्ट्रॉनांची कक्षा हवी असते म्हणून तो आनंदाने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो' असे वाक्य आपण ऐकतो. अणूला हौस नसते आणि आनंदही नसतो. सोडियमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन ओढून काढावयास ऊर्जा खर्च करावी लागते. एक मोल सोडियम अणूंसाठी ही ऊर्जा ४९६ किलोज्यूल आहे. क्लोरीनच्या एक मोल अणूंनी इलेक्ट्रॉन स्वीकारला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे या देवघेवीत १४७ किलोज्यूलची तूटच आहे!

ही तूट भरून निघते ती पुढच्या पायरीवर. धन आणि ऋण आयन एकमेकांना आकर्षून स्फटिकात रचले जातात, तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. नफा आहे तो या रचनेत.

मग सोडियमने दोन इलेक्ट्रॉन देऊन +२ का होऊ नये? कारण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेतला. त्याची किंमत ४५६२ किलोज्यूल, पहिल्याच्या नऊपटीहूनही अधिक. एवढी रक्कम कोणताही स्फटिक परत करू शकत नाही. मॅग्नेशियमच्या बाबतीत पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १४५१, पण तिसरा एकदम ७७३३ किलोज्यूल. म्हणून मॅग्नेशियमचा व्यवहार +२ वर थांबतो. संयुजेच्या तक्त्यातील आकडे असे खर्चाच्या हिशेबातून आलेले आहेत.

मिठाचा रेणू असतो का?

पाण्याचा रेणू असतो, साखरेचा असतो. मिठाचा? मिठाच्या खड्यात 'हा सोडियम आणि हा त्याचा क्लोरीन' अशी जोडी दाखविता येत नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती घनाकृती रचना आहे. क्ष-किरणांच्या साहाय्याने विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये ती उलगडली.

ही कल्पना जुन्या पिढीच्या रसायनशास्त्रज्ञांना सहजासहजी पटली नाही. इंग्लंडमधील हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात मिठाचा कैवार घेऊन या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची थट्टा केली होती. पण पुरावा ब्रॅग यांच्या बाजूचा होता. तेव्हा मिठाचे सूत्र जेव्हा आपण 'एक सोडियम, एक क्लोरीन' असे लिहितो, तेव्हा ते रेणूचे चित्र नसते. ते प्रमाण असते. +१ आणि −१ यांची बेरीज शून्य व्हावयास एकास एक लागतात, एवढेच त्यात सांगितले आहे.

मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये एका +२ ला दोन −१ लागतात. सोडियम सल्फेटमध्ये एका −२ ला दोन +१. कॅल्शियम सल्फेटमध्ये +२ ला −२, म्हणून एकास एक. संयुजांचे आकडे तिरके उतरवून सूत्र लिहिण्याची जी युक्ती वर्गात शिकवितात, ती म्हणजे शिल्लक शून्य करण्याचाच एक सोपा मार्ग होय.

पाणी : शिल्लक शून्य, वाटणी असमान

पाण्याच्या रेणूची एकूण शिल्लक शून्य आहे हे कोष्टकात पाहिले. पण एकूण शिल्लक शून्य असणे आणि घरातील प्रत्येकाचा खिसा सारखा असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना हायड्रोजनपेक्षा अधिक जोराने आपल्याकडे ओढतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला ऋणभार थोडा साचतो आणि हायड्रोजनच्या बाजूंना तो थोडा कमी पडतो. रेणूच्या मोजलेल्या ध्रुवीयतेवरून साधे गणित केले, तर प्रत्येक हायड्रोजनवर सुमारे +१/३ आणि ऑक्सिजनवर सुमारे −२/३ भार असल्यासारखा रेणू वागतो. बेरीज पुन्हा शून्यच.

'अर्धा-पाव इलेक्ट्रॉन कुणी देत नाही' असे वर म्हटले आणि येथे तर तृतीयांश आला! विरोध दिसतो, पण तो नाही. येथे इलेक्ट्रॉन कुणी कुणाला देऊन टाकलेला नाही. तो भागीत आहे आणि एका भागीदाराकडे जास्त वेळ असतो. अपूर्णांक वाटणीचा आहे. रेणूच्या एकूण भारात अपूर्णांक येत नाही.

असमान वाटणी असली की रेणू ध्रुवीय होतोच, असेही नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतात. पण ते कार्बनच्या दोन बाजूंना एका सरळ रेषेत असल्यामुळे दोन ओढी एकमेकींना काटतात. पाण्याचा रेणू मात्र वाकडा आहे. त्याच्या दोन बंधांमधील कोन सुमारे १०४.५ अंशांचा. ओढी पूर्ण कटत नाहीत आणि रेणूला ऋण टोक व धन टोक प्राप्त होते. या वाकडेपणावर समुद्राचा खारेपणा अवलंबून आहे.

मीठ विरघळते म्हणजे काय होते?

मिठाचा खडा पाण्यात पडला, की पाण्याचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात. सोडियम आयनाकडे ते ऑक्सिजनचे टोक वळवितात, क्लोराइडकडे हायड्रोजनचे. आयन एकेक करून सुटतात आणि पाण्याच्या रेणूंचे कडे भोवती घेऊन हिंडू लागतात. शिवाय पाण्यात दोन आयनांमधील ओढ हवेतल्या मानाने सुमारे ८० पटींनी कमी होते. म्हणून सुटलेले आयन लगेच एकत्र येत नाहीत.

'आयन' हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. पण वीजप्रवाह सोडण्यापूर्वीच द्रावणात आयन सुटे असतात, हे स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांच्या विचारांतून पुढे आले. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू; हे दोघे मिठाच्या पाण्यात शांतपणे सुटे राहतात हे कुणी मानावे? त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता, तो जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला. सोडियम अणू आणि सोडियम आयन यांत एका इलेक्ट्रॉनचा फरक आहे, आणि तेवढ्याने पदार्थाचा सारा स्वभाव पालटतो, हे पुढे समजले. त्याच अऱ्हेनियस यांना १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मिठासारख्या पदार्थांचे आयन द्रावणात पूर्णपणे सुटे असतात की अंशतः, हा वाद त्यानंतरही चालू होता. ते पूर्णपणे आयनरूपात असतात, असे धरून सिद्धांत मांडणाऱ्यांत कलकत्त्याचे ज्ञानचंद्र घोष हे एक होते. त्यांचे निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी त्याहून समाधानकारक सिद्धांत दिला.

समुद्राच्या पाण्याचा ताळेबंद

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिट्मार यांनी केले व ते १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. महासागराचे पाणी कोठे थोडे अधिक खारे, कोठे थोडे कमी; पण त्यातील मुख्य आयनांचे परस्पर प्रमाण जवळपास सर्वत्र सारखेच, असे त्यावरून दिसले. पावसाळ्यात वसईच्या खाडीत गोडे पाणी मिसळून खारेपणा उतरतो, हे खरे. पण आपल्या हिशेबासाठी महासागराचे सर्वसाधारण आकडे घेऊ. एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात.

ग्रॅमच्या आकड्यास आयनाच्या वस्तुमानाने भागले व १००० ने गुणले, की मिलिमोल मिळतात. त्यांना भाराने गुणले, की भाराचा आकडा येतो.

| आयन | ग्रॅम | मिलिमोल | एका आयनाचा भार | एकूण भार |
|---|---|---|---|---|
| सोडियम | १०.७८ | ४६८.९ | +१ | +४६८.९ |
| मॅग्नेशियम | १.२८ | ५२.७ | +२ | +१०५.३ |
| कॅल्शियम | ०.४१ | १०.२ | +२ | +२०.५ |
| पोटॅशियम | ०.४० | १०.२ | +१ | +१०.२ |
| धनभार | | | | +६०४.९ |
| क्लोराइड | १९.३५ | ५४५.८ | −१ | −५४५.८ |
| सल्फेट | २.७१ | २८.२ | −२ | −५६.४ |
| बायकार्बोनेट | ०.१४ | २.३ | −१ | −२.३ |
| ब्रोमाइड | ०.०६७ | ०.८ | −१ | −०.८ |
| ऋणभार | | | | −६०५.३ |

दोन्ही बाजू जुळल्या! जो किंचित फरक दिसतो, तो आकडे जवळच्या दशांशापर्यंत घेतल्यामुळे आणि अगदी अल्प प्रमाणातील आयन सोडून दिल्यामुळे आहे. नीट पाहा : सोडियम आणि क्लोराइड ही जोडी स्वतःपुरती जुळत नाही. क्लोराइड सुमारे ७७ ने जास्त आहे. जुळते ती सगळ्यांची मिळून बेरीज. समुद्रात 'मिठाचा सोडियम' आणि 'मिठाचा क्लोराइड' असे नातेच उरलेले नाही. तेथे सगळे आयन एकाच खात्यात आहेत.

म्हणूनच समुद्रात उभ्या असलेल्या माणसाला झटका बसत नाही. भारित कण अगणित, पण शिल्लक शून्य.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा याच जमाखर्चाचा उपयोग करतात. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्याचे पृथक्करण केल्यावर धन आणि ऋण बाजूंची बेरीज जुळली नाही, तर कोठेतरी मोजमाप चुकले किंवा एखादा आयन मोजावयाचा राहिला, हे लगेच कळते.

वाफ्यावाफ्यातला हिशेब

मिठागरात हा ताळेबंद टप्प्याटप्प्याने उलगडताना दिसतो. पावसाळा संपला की बांध आणि वाफे दुरुस्त करतात. भरतीचे पाणी घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे सरकवीत नेतात. ऊन आणि वारा पाणी उडवितात. उडून जातात ते पाण्याचे भाररहित रेणू. आयन मागे राहतात. म्हणून कितीही पाणी आटले, तरी शिल्लक बिघडत नाही.

प्रथम थोडा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो. पाणी मूळच्या सुमारे एक चतुर्थांशावर आले, की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, वेगळा होऊ लागतो. पाणी सुमारे एक दशांश उरले, की मिठाचे स्फटिक धरू लागतात. तळाशी बसणाऱ्या प्रत्येक स्फटिकात धन आणि ऋण भार सारखेच असतात. एक कॅल्शियम गेला, तर त्याच्याबरोबर −२ एवढा ऋणभार गेलाच पाहिजे. एकट्या सोडियमचा स्फटिक करून क्लोराइड पाण्यात सोडून देणे निसर्गाला परवडत नाही.

मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमची गर्दी असते. मॅग्नेशियमवर +२ भार असूनही तो इतका वेळ पाण्यात कसा टिकला? भार जास्त म्हणून ओढ जास्त हे खरे. पण मॅग्नेशियम आयन लहान आहे आणि तो पाण्याच्या रेणूंनाही तितक्याच जोराने धरून ठेवतो. तेव्हा पदार्थ विरघळेल की नाही, हे केवळ भारावरून ठरविता येत नाही. आकार आणि पाण्याशी असलेले सख्य, दोन्ही पाहावी लागतात.

हेच कडू पाणी जाड्या मिठाच्या खड्यांना थोडेफार चिकटून राहते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी शोषून ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. स्वयंपाकघरातील बरणीत मिठाला लवकर पाणी सुटते, त्याचे एक कारण हे.

शिल्लक शून्यच का?

निसर्ग या बाबतीत इतका काटेकोर का? एक गणित करून पाहू. एक ग्रॅम मिठात ०.०१७१ मोल सोडियम आयन असतात. त्यांचा एकूण धनभार सुमारे १६५० कूलोम. क्लोराइडचा ऋणभार तेवढाच. समजा, आपण सगळे सोडियम आयन एका बाजूला काढले व सगळे क्लोराइड आयन त्यांच्यापासून एक मीटर अंतरावर ठेवले. कूलोमच्या नियमाप्रमाणे त्यांच्यातील ओढ

९ × १०⁹ × १६५० × १६५० ÷ १² = सुमारे २.५ × १०¹⁶ न्यूटन

म्हणजे सुमारे अडीच लाख कोटी टन वजनाएवढी! अंतर एक किलोमीटर केले, तरीही ती २५ लाख टनांच्या वजनाएवढी राहील. एक ग्रॅम मिठाची ही कथा. म्हणून भार मोठ्या प्रमाणात वेगळे राहूच शकत नाहीत. स्वेटर काढताना किंवा कंगवा केसांवर घासताना जो भार साचतो, तो याच्यापुढे नगण्य असतो.

करून पाहा

१. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, ४७० ओहमचा रोधक आणि दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. सर्व तारांनी एकसरीत जोडा आणि पेन्सिलींची शिशाची टोके एकमेकींना न लावता भांड्यातील द्रवात बुडवा. ऊर्ध्वपातित पाणी, साखरेचे पाणी, नळाचे पाणी आणि मिठाचे पाणी घेऊन एलईडीचा उजेड ताडून पाहा. साखरेच्या रेणूत ध्रुवीय भाग आहेत, पण त्याचा एकूण भार शून्य. तो वीज वाहून नेत नाही. मिठाच्या पाण्यात धनायन एका टोकाकडे व ऋणायन दुसऱ्याकडे सरकतात आणि मंडल पूर्ण होते. शुद्ध पाण्यातही काही आयन असतात, पण २५ अंश सेल्सियसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एका रेणूचेच विघटन झालेले असते.

सावधगिरी : घरातील विजेच्या बोर्डाला हा प्रयोग कधीही जोडू नये. मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन निघू शकतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि बॅटरी अर्ध्या मिनिटाहून जास्त जोडू नये.

२. कोरड्या केसांवर घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ न्या. धार कंगव्याकडे वळते. 'पाण्याचे रेणू ध्रुवीय आहेत म्हणून' असे याचे कारण बहुधा सांगितले जाते. पण ते अपुरे आहे. रेणूचे एक टोक ओढले जाते, तेव्हा दुसरे ढकललेही जाते. दोन्हींतील फरक फारच थोडा असतो. नळाच्या पाण्यात आयन असतात. कंगव्याच्या ऋणभारामुळे ऋणायन धारेतून वर नळाकडे ढकलले जातात आणि खाली पडणाऱ्या पाण्यात धनायनांची किंचित भर राहते. वळते ती मुख्यतः ही भारित धार. शिक्षकांनी हा प्रयोग दाखविताना 'वाटणी असमान' आणि 'शिल्लक शून्य नाही' यांतील भेद मुलांपुढे मांडावा. तो समजला, तर धडा समजला.

आता तुम्ही सोडवा

१. फॉस्फेट मूलकात एक फॉस्फरस (अणुक्रमांक १५) आणि चार ऑक्सिजन आहेत. भार −३. त्यात इलेक्ट्रॉन किती? सल्फेटशी तुलना करा.

२. ॲल्युमिनियमचा भार +३ आणि सल्फेटचा −२. शिल्लक शून्य करणारे सर्वांत लहान प्रमाण कोणते?

३. एका विहिरीच्या एक लिटर पाण्यात सोडियम ४.०, कॅल्शियम १.५, मॅग्नेशियम १.०, क्लोराइड ५.० आणि सल्फेट १.० मिलिमोल आढळले. उरलेला एकच आयन बायकार्बोनेट आहे. तो किती असावा?

४. समुद्राच्या पाण्यात तेवढेच पावसाचे पाणी मिसळले, तर कोष्टकातील दोन्ही बेरजांचे काय होईल?

उत्तरे : (१) प्रोटॉन ४७, म्हणून इलेक्ट्रॉन ५०, सल्फेटमध्येही ५०च. (२) दोन ॲल्युमिनियम, तीन सल्फेट. (३) धनभार ४ + ३ + २ = ९; ऋणभार ५ + २ = ७; म्हणून बायकार्बोनेट २.० मिलिमोल. (४) दर किलोग्रॅममागील दोन्ही बेरजा निम्म्या होतील. शिल्लक शून्यच राहील.